बत्तिसावी ओळ

रिकाम्या रंगमंचावरची खुर्ची थरथरली, आणि दिव्यांच्या बोर्डापाशी बसलेले मास्तर पुढे वाकले.

तशी खुर्ची जागच्या जागीच होती. तिचे चारही पाय खिळे मारून जमिनीत पक्के केलेले, कारण नाटकातला म्हातारा झालेला नट तालमीत उठताना दर वेळी तिला उताणी पाडायचा आणि मग मरायच्या आधी स्वतःच उचलायचा. थरथरला तो तिच्यावरचा उजेड. एक नंबरचा दिवा वरून खाली येताना सरळ उतरला नाही. जिन्यावरून भरलेली बादली घेऊन उतरणाऱ्या माणसासारखा, पायरीपायरीला हिंदकळत उतरला. आणि या वेळी मास्तरांचा उजवा हात त्यांच्या खिशात होता. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी फक्त बटण दाबलं होतं. नव्या बोर्डानं पाच मिनिटांपूर्वी त्यांना आपल्या छोट्या पडद्यावर विचारलं होतं, हा दिवा किती सेकंदांत मालवायचा ते आकड्यात सांगता, का हातानं करून दाखवता? आता चौतीस वर्षं दिवे मालवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारल्यावर तो काय आकडा सांगणार? त्यांनी फेडर, म्हणजे ती वरखाली सरकणारी खुंटी, बोटात धरली आणि करून दाखवलं. बोर्डानं ते आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं उतरवून घेतलं. गुरुजींचं अक्षर, गुरुजींचा शाईचा डाग, सगळं. आणि आता ते तीस फुटांवर, माणसाच्या आकाराचं, खुर्चीवर वाचून दाखवलं होतं.

ही थरथर तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. पहिल्यांदा ती चमच्यात आली. मग शर्टाच्या बटणात. मग एका प्रयोगात फेडर खाली आणताना मास्तरांना जाणवलं, की आपण एक काम करतोय आणि हात तेच काम स्वतःच्या मतानं करतोय. जुन्या बोर्डाच्या खुंट्या जड होत्या, गंजलेल्या होत्या, त्यांना रेटायलाच इतका जोर लागायचा की थरथरीला वावच नसे. कुणाला काही दिसलं नाही. मास्तरांनी मात्र दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, साहेब, नवा बोर्ड घ्या. मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठला. गेली सहा वर्षं तोच नवा बोर्ड घेऊ म्हणत होता आणि मास्तर 'माझ्या मेल्यावर' म्हणत होते. "तब्येत बरी आहे ना मास्तर?" त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "काळाबरोबर जायला पाहिजे." हे वाक्य उच्चारताना त्यांना स्वतःचीच शरम वाटली, पण नव्या बोर्डाला बटणं असतात आणि बटण दाबायला हात स्थिर लागत नाही, हे मॅनेजरला सांगण्यापेक्षा काळाबरोबर गेलेलं परवडलं. सांगितलं असतं तर छोटासा समारंभ झाला असता, शाल मिळाली असती, चार जणांनी 'आधारस्तंभ' म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी आधारस्तंभ घरी बसला असता. घरी बसून काय करायचं? घरातल्या दिव्यांना तर नुसते चालू आणि बंद माहीत.

बोर्ड जोडून द्यायला आलेला इंजिनियर अर्धा तास थांबला. त्यातली वीस मिनिटं त्याचा फोन चालू होता. "एकदम सोपं आहे काका," तो म्हणाला. "सगळे दिवे एकाच वायरीवर. जुन्यासारखी दिव्याला एक वायर नाही. वायर एकच, फक्त प्रत्येक दिव्याला आपला नंबर द्यायचा. बोर्ड हाक मारतो, ज्याचा नंबर तो ओ देतो. कारखान्यातून येताना सगळ्यांचा नंबर एक असतो, तेवढा बदला. दोघांना एकच नंबर दिलात तर दोघंही ओ देतील, बस्स." आणि गेला. मास्तरांनी एका टेबलावर तीस दिवे ओळीनं मांडले, दवाखान्यात बाळं ठेवतात तसे, आणि एकेकाला नंबर देत गेले. दिव्याच्या पाठीवर तीन बारीक बटणं होती, मुंगीनं दाबावीत अशी. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी ती दाबली. पहिल्या दिव्याला एकच ठेवलं, तो खुर्चीवरचा, मानाचा. मग दोन, तीन, करत करत तीस. स्टेजवरच्या माणसांनी ते वर टांगले. मास्तरांनी बोर्ड सुरू केला, आणि पडद्यावर दिव्यांची यादी आली. बत्तीस ओळी.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मग वर टांगलेले दिवे मोजले. दिवे तीस, ओळी बत्तीस. आणि एक नंबरला ओ देणारे तीन. एवढ्या मोठ्या रिकाम्या नाट्यगृहात मास्तर बोट वर करून पुटपुटत आढ्याकडे बघत बसले, आणि त्यांच्या मनात आलं, हात गेला तो गेला, आता आकडेही निघाले की काय. त्यांचे मामा असेच गेले होते. आधी त्यांच्या हातातून वाटी सुटायची, मग माणसांची नावं सुटायला लागली, शेवटी शेवटी ते मास्तरांना पोस्टमन समजून पत्र आलंय का विचारायचे. मास्तर नाही म्हणायचे, तर मामा रुसायचे. मग मास्तर एक दिवस खरंच एक पत्र घेऊन गेले होते, स्वतःच लिहिलेलं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, अक्षर ओळखीचं वाटतंय.  मास्तरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेवटची, बत्तिसावी ओळ लाल झाली. लाल म्हणजे त्या दिव्याची वीज गेली. कोणत्या दिव्याची? वर तर सगळे जिवंत होते. एक वाजला होता. दोन मिनिटांनी त्यांची बायको डबा घेऊन आली.

ती याच नाट्यगृहात कपड्यांचं बघायची. शिवणं, उसवणं, राजाचा अंगरखा भिकाऱ्याला करून देणं. सगळे तिला वहिनी म्हणत, मॅनेजरसुद्धा, तिच्यापेक्षा मोठा असून. स्टेजमागच्या लांबलचक बोळाच्या टोकाला तिची खोली, आणि दुपारी एकला ती डबा घेऊन बोर्डापाशी यायची, ही इतक्या वर्षांची वहिवाट. "तोंड का असं?" तिनं विचारलं. "मोजतोय," मास्तर म्हणाले. "मोजून झालं की जेवा." तिनं त्यांच्या पुढ्यात झाकणात थोडं थोडं वाढलं आणि चहा ओतला. अर्धा कप. गेले दोनेक महिने घरी दारी मास्तरांना अर्धाच कप चहा मिळत होता. एकदा त्यांनी कुरकुर केली होती, की चहा महागला का? तर ती म्हणाली होती, "दोनदा घ्या. नको कुणी म्हटलंय?" वयानुसार बाई हात आखडता घेऊ लागली, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता आणि मोठ्या मनानं माफही केलं होतं. दीड वाजता ती गेली. जरा वेळानं बत्तिसावी ओळ पुन्हा हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी निम्मा उलगडा झाला, आणि तो मॅनेजरनं पळत येऊन केला. मास्तर एक नंबरचा दिवा वरखाली करून बघत होते. मॅनेजर धापा टाकत दारात उभा. "मास्तर, माझ्या केबिनमध्ये काहीतरी आहे." "काय आहे?" "दिवा जातो." "मग वायरमनला सांगा." "अहो, जातो म्हणजे तसा नाही जात! वीज गेली की गेली, एक घाव दोन तुकडे. हा निरोप घेऊन जातो. मी द्वारपालाला झापत होतो, उशिरा येतोस म्हणून. आवाज चढवला, तर दिवा हळूहळू मंद व्हायला लागला. मी घाबरून आवाज उतरवला, तर गप्पकन अंधार. आणि त्या अंधारात तो द्वारपाल रडायला लागला हो. म्हणाला, साहेब, आईची तब्येत बरी नसते. मी त्याला चार दिवस रजा देऊन बसलो!" मास्तरांनी फेडर वर केला. लांबून केबिनच्या काचेत सूर्योदय झाला. मॅनेजरनं काचेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. तेव्हा कळलं की तीसऐवजी जास्त दिवे मागवले होते, आणि मॅनेजरनं एक आपल्या डोक्यावर टांगून घेतला होता. शेजारच्या भिंतीत वायरीला भोक दिसलं, खोक्यावर 'इथे जोडा' असं चित्र होतं, म्हणून जोडला. रंगमंचावर राजाचा चेहरा उजळायचा दिवा, आणि त्याखाली हा हजेरीपट तपासत होता. "जास्तीचे किती होते?" मास्तरांनी विचारलं. "एकच," मॅनेजर म्हणाला, आणि पकडला गेलेला माणूस जेवढं कबूल करतो तेवढं कबूल करून निघून गेला. मास्तरांनी केबिनच्या दिव्याला एकतीस नंबर दिला. पण ओळी बत्तीसच राहिल्या, आणि एक नंबरला ओ देणारे अजूनही दोघं.

आणि आता तिसऱ्या दिवशी ही थरथर. उद्या दुपारी चारला पहिला प्रयोग. नाटक असं होतं, की एक म्हातारा खुर्चीत बसून मुलीची वाट बघतो, ती येत नाही, आणि दिवा जातो. बाकी दोन तास बोलणं. सगळं नाटक त्या शेवटच्या दिव्यावर टांगलेलं, आणि मास्तरांचा शेवटचा दिवा गावोगावच्या नाटकवाल्यांत प्रसिद्ध. पाऊण खाली आला की ते त्याला थांबवायचे. अगदी थोडं. निघालेला पाहुणा दारात चपलेत पाय घालता घालता मागे वळून आणखी एक वाक्य बोलतो ना, तेवढं. मग जाऊ द्यायचे. ही घुटमळ त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती कधी सुरू झाली ते त्यांना नीट माहीत होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि दिवे लावून ठेवायचे होते, पण नट आले नव्हते. दिवा चेहऱ्यावर बरोबर पडतो का हे बघायला कुणीतरी त्या जागी उभं राहावं लागतं. एक मुलगी शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली होती. "जरा उभ्या राहता का?" ते वरून ओरडले. ती उभी राहिली. दोन तास उभी राहिली, गाठोड्यासकट. शेवटी म्हणाली, "अहो, डोळ्यात जातंय." त्यांनी दिवा खाली घ्यायला सुरुवात केली, आणि पाऊण खाली आल्यावर तो चेहरा असा काही दिसला, की हातच पुढे जाईना. त्या दिवसापासून हात तिथे थांबतो. आणि आता त्याच जागी हात थरथरत होता, आणि यंत्रानं ते कायमचं लिहून ठेवलं होतं.

पुसून टाकू, सेकंदांचा आकडा घालू, असं म्हणून मास्तरांनी पुसायचं बटण शोधलं. तेवढ्यात मागून टाळी वाजली. एकच, सावकाश. अंधारातून दिग्दर्शक येत होता. वयानं तिशीचा, पण चालणं सत्तरीचं, कारण विचारांचं ओझं. "मास्तर," तो कुजबुजला. "हे काय केलंत तुम्ही?" मास्तरांनी खिशातल्या हाताची मूठ आवळली. झालं. संपलं. "हा श्वास! हे शरीर सोडवत नाहीये, तरी सोडावं लागतंय! मी तीन आठवडे नटाच्या कानीकपाळी ओरडतोय, अरे आतून हल, आतून हल, आणि तुम्ही दिवा हलवलात!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तर म्हणाले, "ते चुकून..." "कलेत चुकून काही होत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "फक्त थोडं वाढवा. अजून थोडं थरथरवा. मी बघतो."

मास्तरांनी हात बाहेर काढला. फेडर धरला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा हात दगडासारखा स्थिर राहिला. उजेड मलईसारखा खाली आला. "नाही नाही, थरथरवा." मास्तरांनी मुद्दाम हलवला तर उजेड पिकनिकला आल्यासारखा नाचायला लागला. पुन्हा केलं, पुन्हा मलई. सहा वेळा केलं. ज्या हातानं सकाळी पायमोजा चढवायला दहा मिनिटं घेतली होती, तो हात आता सरकारी साक्षीदारासारखा निर्विकार बसला होता. मास्तरांना एकदम हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू येईल की काय अशी भीती वाटली. "राहू द्या," शेवटी दिग्दर्शक उदार होऊन म्हणाला. "पहिलंच ठेवा. असं पुन्हा नाही येत. मला कळतं, मीही कलावंत आहे." आणि तो सत्तरीच्या चालीनं निघून गेला.

मास्तर बसून राहिले. सुटलो, असं वाटायला हवं होतं. थरथर आता नाटकाची झाली होती, त्यांची राहिली नव्हती. पडद्यावर बत्तिसावी ओळ हिरवी होती आणि अजून एक नंबरलाच ओ देत होती. कोण आहेस बाबा तू? मास्तरांनी भिंतीलगतची वायर धरली आणि तिच्यामागे चालू लागले. वायर स्टेजमागे गेली, बोळात वळली, रंगपटावरून गेली, फाटक्या पडद्यांच्या ढिगाखाली गेली, आणि बोळाच्या टोकाला एका दारात शिरली. दार उघडं होतं. आत शिवणयंत्रावर त्यांची बायको वाकून बसली होती, आणि तिच्या डोक्यावर, कपडे टांगायच्या नळीला, तो अवाढव्य दिवा लोंबत होता. तोंडाला एक जुना धुवट पंचा बांधलेला, आणि भिंतीवर त्याच्या विजेचं बटण, रोज एकला डबा घेऊन निघताना ती हेच बंद करत असणार.

"हा कुणी लावला?"

"मॅनेजरनं. परवा. म्हणाला, वहिनी, तुम्हालाही एक. कुणाला बोलू नका." तिनं मान वर केली नाही. "एवढा मोठा दिवा तोंडावर आला, मला वाटलं आता संवादच म्हणायचे की काय. म्हणून तोंड बांधलं त्याचं."

"अगं, पण हा माझ्या एक नंबरवर चालतोय. मी मालवला की हा जातो."

"माहीत आहे की. तीन दिवस तुम्ही उजेड द्याल तेव्हा शिवतेय. नाही द्याल तेव्हा बसतेय. इतकी वर्षं तेच तर केलं."

"मग सांगायचं नाही? मॅनेजर एका दिवसात बोंबलत आला."

तिनं यंत्र थांबवलं. नाटकातल्या म्हाताऱ्याचा कोट मांडीवर घेतला आणि त्याची खालची शिवण त्यांच्यापुढे धरली. शिवण थोडी सरळ जायची, मग नागमोडी व्हायची, मग थांबायची, मग पुन्हा सरळ. "पहिल्या दिवशी दिवा खाली यायला लागला, तेव्हा वाटलं दिव्यातच खोट आहे," ती म्हणाली. "मग तो पाऊणवर येऊन थांबला. म्हटलं, अरे, हे तर आमचे हे." तिनं त्या नागमोडीवरून बोट फिरवलं. "आणि मग हे. आधी मला फक्त कपात दिसायचं. इथे चांगलं मोठं दिसलं."

मास्तरांना अर्धा कप आठवला. दोन महिन्यांचे सगळे अर्धे कप एका ओळीत समोर उभे राहिले. अर्धा भरलेला कप सांडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. झाकणात थोडं थोडं वाढणं. बटणांऐवजी चेन असलेली नवी पँट, तिनंच आणलेली. माफ केलं होतं त्यांनी तिला, मोठ्या मनानं. ते दाराला टेकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "शिवण उसवावी लागेल ना आता?"

"कशाला? कोण बघतंय म्हाताऱ्याच्या कोटाची किनार." तिनं दोरा तोडला. "सोमवारी डॉक्टरकडे नंबर लावलाय. दोघांचा."

"दोघांचा कशाला?"

"माझा गुडघा नाही का. तुम्ही सोबत म्हणून चला. तिथे गेल्यावर बघू कोण कुणाच्या सोबत."

"बघू. प्रयोग होऊ दे."

"हे 'बघू' नको मला. मामांच्या वेळी पण 'बघू, बघू'च केलंत. मला तुमची पोस्टमन व्हायचं नाही."  वर दिवा स्वच्छ जळत होता, कारण मास्तर फेडर वर ठेवून आले होते. "तोंडानं सांगूच नका. तुमच्या तोंडाला सवय नाही. उद्या शेवटी मी इथेच असेन. हा दिवा मालवाल ना तेव्हा, येणार असाल तर ती तुमची घुटमळ घ्या. नसाल येणार, तर सरळ मालवून टाका. मी समजेन."

"पण उद्या शेवटचा दिवा हातानं नाही, बटणावर आहे," मास्तर म्हणाले. "तो तर घुटमळीसकट ठरल्याप्रमाणेच मालवला जाणार. ते उत्तर नव्हे." त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. "याला वेगळा नंबर द्यावा लागेल. बत्तीस." त्यांनी स्टूल ओढलं, दिव्याच्या पाठीशी हात नेला, आणि त्या मुंगीच्या बटणांपाशी बोटं पुन्हा नाचायला लागली. आता कुणी थरथरवा म्हणत नव्हतं ना. एकदा तेवीस झालं, एकदा दोनशे दोन. खालून आवाज आला, "उतरा." ते उतरले. गुडघ्याला हात लावून ती वर चढली, आणि सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांनी तीन टिचक्या दिल्या. "बत्तीस," ती म्हणाली. मास्तरांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. स्टूल थोडं हलत होतं, ती बेतानं उतरली.

दुसऱ्या दिवशी चारच्या प्रयोगाला गर्दी होती. म्हाताऱ्यानं दोन तास मुलीची वाट पाहिली. प्रयोगभर केबिनची काच उजळलेलीच राहिली, कारण मॅनेजरनं भीतीपोटी एकतीस नंबर कायम चालू ठेवायला सांगितलं होतं. खोकणारे खोकले, आणि शेवटी शेवटी खोकायचे थांबले. कोट घालून म्हातारा खुर्चीत बसला. कोटाची किनार नागमोडी होती, ते मास्तरांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं, तरी दिसलं. त्यांनी डाव्या बोटानं शेवटचं बटण दाबलं. खुर्चीवरचा उजेड हिंदकळत उतरू लागला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी श्वास आत घेतला तो ऐकू आला, विंगेत दिग्दर्शक दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला, आणि मास्तरांचं त्या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी उजवा हात खिशातून काढला. बत्तीस नंबरचा फेडर बोटात धरला. सरळ मालवून टाकावा, असं क्षणभर वाटलं. आता नाटकातलं यंत्र सांभाळतंय, कुणाला कळायचं नाही, वर्ष दोन वर्षं सहज निघतील. मामांनीही असंच काहीतरी ठरवलं असेल, कुठल्या तरी दुपारी, वाटी लपवून.

ते खुंटी खाली आणायला लागले. ती थरथरली तर थरथरू दिली. बोळाच्या टोकाला, धुवट पंच्याआड, आता तसंच होत असेल. अर्धा. त्याहून खाली. पाऊण. तिथे ते थांबले. समोर रंगमंचावर पूर्ण अंधार झाला, टाळ्या सुरू झाल्या, त्या वाढत गेल्या, पडदा पडला. मास्तर पाऊणवरच होते. पुढे न्यायला हात होईना, आणि त्यांनी त्याला भागही पाडलं नाही.

बत्तिसावी ओळ लाल झाली.  वीज गेली? ती उठून गेली? मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून बोर्डाच्या पडद्याला नाक लावलं.

ओळ हिरवी झाली. मग पुन्हा लाल, पुन्हा हिरवी. बोळाच्या टोकाला, भिंतीवरच्या बटणावर कुणीतरी टकटक करत होतं. टाळ्या अजून चालू होत्या, पण मास्तर त्या इवल्याशा हिरव्या ओळीकडे बघून मान डोलावत म्हणाले, "हो, हो, सोमवारी. आता चहा टाक. पूर्ण कप नको."